वीतभर लाट

आमच्या आळीत लोडशेडिंगची वाट बघणारा एकच माणूस होता. पंखा थांबला, टीव्हीवरची सून हुंदक्याच्या मध्यावर अंतर्धान पावली, की आम्ही सगळे एका सुरात वीजखात्याच्या पूर्वजांची चौकशी करायचो. नेमक्या त्याच वेळी होडेकरांच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, आरोळी यायची, "गेली! खतिजा, गेली! बॅटरी आण!" नवख्या माणसाला वाटावं, यांच्या घरात कुणी गेलं आणि हा बाबा आनंदाने नाचतोय.

हे अब्बासभाई होडेकर. उन्हात वाळत घातलेल्या वाकटी माशासारखा लांब, सपाट माणूस. सगळं आयुष्य मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढलेलं, त्यामुळे अर्ध्या रत्नागिरीत त्यांना 'रेडिओसाब' म्हणत. शतक संपता संपता जहाजांवर उपग्रहाची यंत्रं आली आणि रेडिओसाब लोकांची गरजच संपली. "बटण दाबला की काम होतंय," ते म्हणायचे, "मग आमच्यासारखा डोक्याला ताप कोण पगार देऊन ठेवील?" यात कडवटपणा नसायचा. ते एक ट्रंक, एक हेडफोन आणि दोन मनगटी घड्याळं घेऊन घरी परतले.

त्या दोन घड्याळांनी आळीला पुष्कळ छळलं. डाव्या मनगटावर आपली वेळ आणि उजव्यावर ग्रीनविचची, कारण जहाजावरचा सगळा रेडिओ ग्रीनविचच्या वेळेने चालतो. माणूस बोलता बोलता ज्या मनगटाकडे बघेल ती वेळ तोंडातून निघायची. एकदा त्यांनी आम्हा नवराबायकोला अकराच्या चहाला बोलावलं. आम्ही अकराला हजर. खतिजाभाभी ओल्या हाताने दारात आल्या आणि म्हणाल्या, "उजव्या हातानं बोलावलानी काय तुमाला? मग संध्याकाळी या. त्या हाताचा काय खरा नाय."

दुसरी सवय बोटांची. रिकामी बोटं त्यांना ठाऊकच नव्हती. टेबल, पेला, जिना, मशिदीबाहेरच्या चपला ठेवायच्या फळ्या, जे हाताखाली येईल त्यावर मोर्सचं कड-कट्ट चालू. ओसरीवर बसून पेल्यावर चमचा वाजवला की त्याचा अर्थ चहा. खतिजाभाभींनी संसार करता करता त्या भाषेतले दोन शब्द शिकून घेतले होते. चहा हा एक आणि नाही हा दुसरा. स्वयंपाकघरातून कालथ्याचे ठोके आले की अब्बासभाई पेला निमूट खाली ठेवायचे. जगातल्या कुठल्याही बंदराने त्यांचा संदेश इतक्या लवकर परतवला नसेल.

आता मी तेव्हा काय होते तेही सांगून टाकते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. आज मी पाय वर घेऊन बसणारी, नातवंडांच्या चॉकलेटात वाटा मागणारी म्हातारी आहे. तेव्हा मात्र मी शाळेत मराठी शिकवणारी बाई होते आणि नुकतीच पर्यवेक्षिका झाले होते. पर्यवेक्षिका होणं म्हणजे काय, हे त्या काळच्या मला कुणी विचारलं असतं तर मी दिल्लीच्या तख्ताशी तुलना केली असती. लोकांच्या लग्नपत्रिका आल्या की मी लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारून परत द्यायचे. परत! आणि त्या घरी जेवायलाही जायचे. मला कुणी वाढायचं कसं, याचं आज नवल वाटतं.

तर अशा या विदुषीकडे एके दिवशी अब्बासभाई एक शब्द मागायला आले.

"बाई, डार्क मॅटरला मराठीत काय म्हणायचा?"

मला डार्क मॅटर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नाही म्हणायची मला तेव्हा सवय नव्हती. मी चष्मा सारखा केला आणि म्हटलं, "कृष्णद्रव्य. कृष्ण म्हणजे काळं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "नाय जमत. काळा असता तर दिसला असता की. कोळसा दिसतोय, बुरखा दिसतोय, तुमच्या शाळेचा फळा दिसतोय. हा दिसतच नाय. आरपार. काच पुसून ठेवल्यावर पोर डोकं आपटतंय ना, तसा."

"मग तो आहे कशावरून?"

"डोक्याला टेंगूळ येतंय त्याच्यावरून."

मी विषय बदलला. टेंगळाला प्रमाण मानायची माझी तयारी नव्हती.

पण ते बसले आणि मग त्यांनी मला पहिल्यांदा ती वीत दाखवली. उजवा हात पुढे केला, अंगठा आणि करंगळी ताणली. "बाई, हायड्रोजन ठाऊक हाय ना? सगळ्यात साधा वायू. विश्वात सगळ्यात जास्त तोच. तो स्वतःशीच पुटपुटतोय. रेडिओत. आणि त्याच्या एका लाटेची लांबी किती? एवढी. वीतभर. जवळजवळ एक वीत! देवानं आमच्या हाताच्या मापाची ठेवलीन."

आकाशातल्या वायूचं पुटपुटणं ऐकण्याचं हे वेड त्यांच्यात आलं कुठून, हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. जहाजावर कानाला हेडफोन लावला की माणसांच्या आवाजामागे सदोदित एक 'सूंऽ' असायची. रेडिओ ऑफिसरचं काम म्हणजे ती सूं बाजूला सारून आतला माणूस ऐकायचा. कुणी बुडतंय, कुणाला डॉक्टर हवा आहे, कुणाला बायकोचा निरोप. "आख्खा जन्म मी त्या सूंला म्हटला, बाजूला हो, बाजूला हो, मला दुसऱ्याशी बोलायचा हाय. ती बिचारी बाजूला होत रायली. मग एका पुस्तकात वाचला की त्या सूंमधला थोडा आवाज आकाशातून येतंय. तारे जन्मायच्या आधीपासूनची खबर हाय त्यात. आता मला वेळ हाय. आता तिचा ऐकायचा हाय."

"मग ऐका की, घाई काय आहे?" मी म्हटलं.

त्यांनी डाव्या कानावर टिचकी मारली. "हा कान जहाजावरच राहिला. हा दुसरा भाड्याचा. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलान, मालक कधीपण खाली करायला सांगेल."

एवढं बोलून त्यांनी पेल्यावर चमचा वाजवला. माझ्या घरात. सवयीने. आणि पलीकडच्या घरातून, खरं सांगते, कालथ्याचा ठोका आला.

तर घाई ही अशी होती. एका कानाच्या भरवशावर वीतभर लाट पकडायची, कान मिटायच्या आत.

त्यासाठी त्यांनी आमच्या केबलवाल्याची जुनी, भली थोरली तबकडी मिळवली. केबलवाल्याने नवी घेतली होती आणि जुनीत कावळे अंघोळ करत होते. अब्बासभाईंनी ती हातगाडीवरून आणली, तेव्हा आळीतल्या बायकांना वाटलं, कुणाच्या तरी लग्नाची कढई आली. ती त्यांनी खळ्यात उभी केली. तिच्या तोंडाशी वनस्पती तुपाचा रिकामा डबा बसवला, त्यात वितीच्या हिशेबाने तांब्याची तार खोवली, टपालाने मागवलेले कसलेसे चिमुकले भाग डाग देऊन जोडले आणि जुन्या ट्रॉलरची बॅटरी जोडून हेडफोन कानाला लावला.

पहिल्या दिवशी त्यांना आमच्या घरातला मिक्सर ऐकू आला. दुसऱ्या दिवशी ट्यूबलाईटची पटपट. तिसऱ्या दिवशी समोरच्या डॉक्टरांचा टीव्ही. विश्वाच्या आरंभापर्यंत पोचायच्या वाटेवर आमची आळी आडवी पसरली होती. म्हणून त्या माणसाला लोडशेडिंग प्रिय. वीज गेली की सगळं थंड, आणि मग आकाशाला जरा बोलायला जागा मिळायची. दिवसाउजेडीही ते बसत. मी एकदा मोठ्या विद्वत्तेने विचारलं, "भर दुपारी तारे कुठले?" तर म्हणाले, "बाई, सूर्य उगवला म्हणून तारे मुंबईला जात नायत. तिथंच असतात."

दुसरी अडचण घरातली होती. खतिजाभाभींच्या दृष्टीने ती तबकडी म्हणजे आयुष्यात प्रथमच नवऱ्याने आणलेली कामाची वस्तू. जमिनीपासून उंच, मांजराच्या उडीपलीकडे, चहूबाजूंनी ऊन गोळा करणारी आणि मधे खोलगट! अब्बासभाई नमाजाला गेले की भाभी त्यात कोकमाची सोलं पसरायच्या. सोलांपर्यंत ठीक होतं. एकदा त्यांनी बोंबील घातले. त्या दिवशी लाईट गेली, अब्बासभाई धावत आले, हेडफोन लावला, तबकडी आकाशाकडे वळवायला दांडा फिरवला आणि वाळत आलेले बोंबील एकामागून एक त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, हेडफोनच्या पट्ट्यात उतरले. आळीतली सगळी मांजरं एका क्षणात हजर. अब्बासभाई एका हाताने मांजर हाकलतायत, दुसऱ्या हाताने हेडफोन दाबून धरलाय आणि ओरडतायत, "काय तरी येतंय! काय तरी येतंय!"

"मांजर येतंय," भाभी ओसरीवरून म्हणाल्या. "आणि माझे बोंबील जातायत. आता ते वाळवू कुठं, तुमच्या टाळक्यावर?"

तरी हळूहळू जमत चाललं होतं. सुई किंचित हलू लागली होती. आणि तेवढ्यात आळीत इन्वर्टर आले.

पहिला डॉक्टरांकडे आला. दुसरा आमच्याकडे. गरज काहीच नव्हती. पण डॉक्टरीणबाईंच्या घरात लोडशेडिंगमध्ये दिवा आणि पर्यवेक्षिकेच्या घरात मेणबत्ती, हा शिक्षणक्षेत्राचा अपमान आहे, असं मी नवऱ्याला पटवलं होतं. मग बघता बघता घरोघरी ती पेटी आली. लाईट गेली की सगळ्या घरांतून एक बारीक गुरगुर सुरू व्हायची, आणि अब्बासभाईंच्या हेडफोनात ती वाघासारखी ऐकू यायची. लोडशेडिंगसुद्धा त्यांच्या कामाचं उरलं नाही. ते दोन-तीनदा हात जोडून घरोघर फिरले, थोडा वेळ बंद ठेवा म्हणून. सगळे हो म्हणाले. बंद कुणीच केला नाही. मालिका संपल्यावर करू, असा सगळ्यांचा, आणि आमचाही, प्रामाणिक विचार होता. मालिका काही संपली नाही.

त्यांचा उजवा कानही तेव्हा उतरणीला लागला होता. बोलताना ते मान वळवून तो कान पुढे करू लागले. खतिजाभाभी एकदा मला विहिरीपाशी म्हणाल्या, "आता मी कालथा वाजवतंय तर ऐकत नायत. मुद्दाम नाय. मुद्दाम असता तर मला कळला असता."

तेव्हा मी एक थोर निर्णय घेतला. म्हटलं, लोकांना महत्त्व कळत नाही म्हणून ते इन्वर्टर बंद करत नाहीत. समाजप्रबोधन करायला हवं. वाचनालयाच्या ओसरीवर अब्बासभाईंचं व्याख्यान ठेवायचं. प्रास्ताविक अर्थातच मी.

ते प्रास्ताविक मी अजून विसरलेले नाही, आणि आळीने तर मुळीच नाही. मी अंधार या विषयापासून सुरुवात केली. अंधाराची विविध रूपं, अज्ञानाचा अंधार, गर्भातला अंधार, मग दिवा, मग दिव्याखालचा अंधार. मधे संस्कृत श्लोक. एका श्लोकाचं दुसरं चरण आठवेना म्हणून पहिलं दोनदा. माझा आवाज मला फार आवडत असे. समोर बसलेल्या पोरांनी चटईच्या काड्या उपसून चटई संपवली. डॉक्टर घोरले. शेवटी खतिजाभाभींनी खांबावर बांगडीने टकटक केली. एक शब्द मोर्सचा, नाही. मी मात्र समजले, दाद मिळाली.

मी खाली बसले तेव्हा वाचनालय बंद व्हायची वेळ झाली होती. अब्बासभाई उठले. डाव्या मनगटाकडे बघितलं, उजव्याकडे बघितलं, दोन्हीकडे वेळ नव्हता.

"पावसात सड्यावर गेलाव काय कधी?" त्यांनी विचारलं.

सगळे गेले होते. रत्नागिरीत सडा म्हणजे गावामागचं जांभ्याचं सपाट माळरान.

"लांबून बघा, सगळा कातळ सारखा. सपाट. पण पाऊस पडला की पाणी कुठं थांबतंय? खळग्यात. खळगा आधी दिसत नाय, पाणी दिसतंय. मग श्रावणात फुलं कुठं येतात? त्याच खळग्यांच्या कडेनं. निळी, पिवळी. तसाच हाय. हे विश्व नवीन होतं तेव्हा तारे नव्हते. सगळीकडे नुसता हायड्रोजन, धुक्यासारखा. आणि हा जो दिसत नाय तो पदार्थ, डार्क मॅटर, त्यानं जागोजाग खळगे पाडून ठेवलेले. हायड्रोजन वाहत गेला आणि खळग्यांत साचला. साचून साचून घट्ट झाला, त्यातून पहिले तारे फुलले. त्या वेळचं त्याचं पुटपुटणं अजून वाटेवर हाय. कुठं जास्त, कुठं कमी, कुठं तारा पेटल्यामुळं एकदम गप्प. तो आवाज नीट ऐकला तर कळंल, खळगे कुठं होते. जो दिसत नाय त्याचा नकाशा."

त्यांनी वीत पुढे केली. "निघाली तेव्हा लाट एवढी. पण वाट लांबली, विश्व ताणला, त्याबरोबर तीपण ताणली. आपल्यापर्यंत येईस्तोवर माणसापेक्षा लांब झाली. आणि येऊन बसते कुठं? बरोबर आपल्या टीव्हीच्या, एफेमच्या जागेत! एवढ्या लांबून पाहुणा आला, आणि आपल्या घरात त्याच्या जागेवर सासू-सून भांडतायत."

हशा पिकला. डॉक्टर जागे झाले.

"ती जुनी लाट माझ्या ताटलीत यायची नाय," ते पुढे म्हणाले. "त्याला घाटावर माळांवर बसवल्यात तसल्या मोठमोठ्या ताटल्या लागतात, आणि तरुण कान. मला तिची नात चालेल. आपल्याच आकाशगंगेतला हायड्रोजन. ती लाट अजून वीतभरच हाय. आपली आकाशगंगा एवढी गरगर फिरतेय, की नुसत्या दिसणाऱ्या ताऱ्यांच्या जोरावर तिच्या कडा कधीच सुटून गेल्या असत्या. तिलापण तोच न दिसणारा धरून हाय. मला फक्त एकदा ऐकायचा हाय. कान हाय तोवर. एक संध्याकाळ तुमचे इन्वर्टर..."

इथे वाचनालयाच्या शिपायाने कुलूप वाजवलं. लोक उठले. मी आभारप्रदर्शनाला उभी राहात होते, ती नवऱ्याने पदर धरून खाली बसवली.

व्याख्यानाचा परिणाम माझ्या अपेक्षेप्रमाणे झाला नाही. तो सोनूदादा पाष्ट्यांवर झाला.

सोनूदादा आंब्याच्या बागांची राखण करायचे, आणि आळीच्या राखणदाराचं सगळं तेच बघायचे. राखणदार म्हणजे जागेची राखण करणारा. प्रत्येक वाडीला असतो. मूर्ती नाही, देऊळ नाही. वेशीपाशी एक दगड, तिथे वर्षाकाठी नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं, यालाच राखण देणं म्हणतात. त्याला कुणी बघितलेला नाही. पण तो आहे म्हणून वाडी जागच्या जागी आहे, यात कुणाला शंका नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनूदादा होडेकरांच्या खळ्यात येऊन तबकडीभोवती फिरले. मी कुंपणापाशी होते, म्हणजे ऐकत होते.

"रेडिओसाब, काल तुमी जा सांगितलाव ता मी रातभर इचार केला. तो दिसत नाय?"

"नाय."

"पण धरून ठेवतो? सुटू देत नाय?"

"बरोबर."

"त्याच्याबिगर काय उभा ऱ्हात नाय?"

"काय नाय."

"मग एवढा डार्क-बिर्क कशाला म्हणताव? हा राखणदारच की! फकस्त मोठा. सगळ्या आकाशाचा." सोनूदादांनी आवाज खाली आणला. "आणि तुमी त्याची राखण दिलाव काय?"

"राखण?"

"नाय दिलाव! तरी मी म्हणतंय, ह्या माणसाला काय ऐकू कसा येत नाय. त्याच्या हद्दीत शिरताव, ताटली लावताव, त्यात बोंबील सुकवताव, आणि एक नारळ नाय? तुमाला तो कशाला ऐकू देईल?"

मी कुंपणावरून तोंड घालणारच होते, की सोनूदादा, ही अंधश्रद्धा आहे, विज्ञान निराळं. तोंड उघडलंही होतं. पण अब्बासभाईंनी मान वळवली, चालता कान पुढे केला आणि विचारलं, "राखणीला काय काय लागतंय?"

"नारळ. आणि सगळी आळी. गाऱ्हाण्याला घरात कोण ऱ्हायचा नाय. पोराबाळांसकट भायेर. चूल इझवायची, दिवा इझवायचा." सोनूदादांनी जरा विचार केला. "इन्वर्टर पण. राखणदाराला गुरगुरणं चालत नाय."

अब्बासभाईंचा चेहरा मी तेव्हा बघितला. एखाद्याला भर समुद्रात अचानक किनाऱ्याचं स्टेशन लागावं तसा.

"सोनू," ते म्हणाले, "तू तुझ्या पद्धतीनं सांग, मी माझ्या पद्धतीनं दुआ मागतंय. तो ज्याची भाषा समजंल त्याचा ऐकंल."

रविवारी, दिवस मावळायच्या आधी, लोडशेडिंगच्या वेळेला राखण ठरली. आणि तुम्हाला सांगते, ज्या आळीने विज्ञानासाठी एक बटण दाबलं नव्हतं, ती सबंध आळी त्या संध्याकाळी खळ्यात हजर होती. सोनूदादा स्वतः प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर उभे राहून पेटीचा दिवा विझला का बघून आले. राखणदाराचा रोष पत्करायला डॉक्टरही तयार नव्हते. आमच्या घरात मालिकेचा फार महत्त्वाचा भाग होता. मी इन्वर्टर बंद केला आणि नवऱ्याला सांगितलं, "आपण फक्त लोकभावनेचा मान ठेवतोय." ते म्हणाले, "मी कुठे काय बोललो?"

लाईट गेली. अब्बासभाई हेडफोन लावून स्टुलावर बसले. सोनूदादा नारळ फोडायला तबकडीची कड निवडत होते, तेव्हा अब्बासभाई इतक्या जोरात ओरडले की नारळ हातातून सुटला. मग तो पायरीवर फुटला. सोनूदादांनी डोक्यावर टॉवेल घेतला, हात जोडले.

"हे समस्त आकाशाच्या राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी आळी.

"आज ही तुझी लेकरा तुझ्या दारात उभी हायत. हा अब्बास होडेकर, सात समिंदर फिरून आलेला, एका कानाचा धनी. त्याला तुझा जो काय हायडोजन ऐकायचा हाय, तो त्याला ऐकव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"काय चूकभूल झाली असंल, तुझ्या ताटलीत कोणी बोंबील सुकवले असतील, त्या माऊलीला पदरात घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" यात खतिजाभाभींचा आवाज सगळ्यांत मोठा.

मी "श्श! श्श!" करत फिरत होते. आवाज करू नका, त्यांना ऐकू द्या. अब्बासभाईंनी हेडफोन एका बाजूने उचलला. "बाई, बोलू दे त्यांना खुशाल. हायड्रोजनला तुमचा आवाज ऐकू जात नाय. त्याला इन्वर्टरचा त्रास." आयुष्यात प्रथमच मला कुणी सांगितलं की माझ्या आवाजाचा काही उपद्रव नाही, आणि मला वाईट वाटलं.

सोनूदादा रंगात आले होते. नेहमीच्या गाऱ्हाण्याचा शेवट त्यांच्या जिभेवर बसलेला. "आणि म्हाराजा, गेलेली लाईट लगेच येऊ दे..."

"आत्ता नको!" अब्बासभाई स्टुलावरून किंचाळले.

"आत्ता नको म्हाराजा!" सोनूदादांनी सुधारून घेतलं.

"व्हय म्हाराजा!"

अब्बासभाईंनी दांडा हळूहळू फिरवला. तबकडी नारळीच्या शेंड्यावरून सरकत आकाशगंगेच्या पट्ट्याकडे गेली, जो आम्हाला कुणालाच अजून दिसत नव्हता. समोरची सुई थोडी उचलली. त्यांनी तबकडी बाजूला नेली, सुई पडली. परत आणली, उचलली. मग त्यांनी सुईकडे बघणं सोडलं. डोळे मिटले, उजव्या कानावर हेडफोन तळव्याने घट्ट दाबला. त्यांची बोटं थांबली होती. एवढ्या वर्षांत त्या माणसाची बोटं मी पहिल्यांदा थांबलेली बघितली.

पोरंसुद्धा स्टुलाभोवती सरकली.

मग ते हसले. "अरे," ते म्हणाले, "हा तर वळखीचा निघाला."

"कोण?" सोनूदादांनी टॉवेल सावरत विचारलं.

"जहाजावरची ती सूं ना? तिचा सख्खा धाकटा भाऊ. तसाच बोलतंय. दबक्या आवाजात." त्यांनी हेडफोन काढून खतिजाभाभींच्या डोक्याला लावला. भाभींनी कपाळाला आठ्या घातल्या, ऐकलं आणि म्हणाल्या, "तांदूळ पाखडतंय कोण तरी." मग बराच वेळ त्यांनी हेडफोन परत दिला नाही. रांग लागली. डॉक्टरांना पावसाचा आवाज वाटला. सोनूदादांनी ऐकण्याआधी चपला काढल्या. माझी पाळी आली तोवर लाईट आली आणि मला आमच्याच, चालू राहिलेल्या टीव्हीचा आवाज ऐकू आला. मालिकेत काय झालं ते मला पुढे कधीच कळलं नाही.

सोनूदादांची ती खरोखरची समजूत होती, का त्यांनीच मुद्दाम सगळ्या आळीला पेट्या बंद करायला लावण्यासाठी राखणदार पुढे केला, हे मला अजून उलगडलेलं नाही. मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "बाई, तुमचा भाषण लई लांब झाला होता. कोणीतरी काय तरी करायला नको?"

पुढे मी निवृत्त झाले, मुलाकडे पुण्याला गेले, आळीत येणं सणासुदीचं झालं. अब्बासभाईंच्या कानाच्या मालकाने अखेर जागा खाली करून घेतली. आता खतिजाभाभी त्यांच्याशी तळहातावर बोटाने ठोके देऊन बोलत. चहा आणि नाही या दोन शब्दांवर सुरू झालेला संसार आता पुऱ्या बाराखडीवर चालला होता. भाभी म्हणाल्या, "सगळी शिकले. भांडायला दोन शब्द पुरत नायत."

शेवटचे मला ते भेटले तेव्हा दुपार टळत होती आणि लाईट नुकतीच गेली होती. आळी पूर्ण गुरगुरत होती, घरोघरी दोन दोन पेट्या झालेल्या. ते खळ्यात त्याच स्टुलावर बसले होते. तबकडी गंजलेली, तिच्यात सोलं वाळत होती, या वेळी उघड उघड, परवानगीने. हेडफोन त्यांच्या मांडीवर. मला बघून हसले, मला जवळ बोलावलं आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

ऐकलं. सूंऽऽ. तांदूळ पाखडल्यासारखं, पावसासारखं, काहीतरी अखंड. आता ते आकाश होतं की डॉक्टरांचा इन्वर्टर, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी भुवया उंचावल्या. "हाय?"

माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. अंधारावर तर होतंच. पण त्यांना त्यातलं एक अक्षर ऐकू येणार नव्हतं. मी उजवा हात वर केला, अंगठा आणि करंगळी ताणता येईल तितकी ताणली.

त्यांनी माझ्या वितीवर आपली वीत ठेवून बघितली. माझी कमी भरली. त्यांनी माझी करंगळी धरून जराशी आणखी ताणली आणि मान डोलावली.